गुलछडीला बघणारे अकरा हजार सहाशे बेचाळीस

दवाखान्याच्या शटरच्या कडीला म्हैस बांधून आण्णा चौगुले आत आला, टेबलावर दोन्ही हात टेकले आणि म्हणाला, "मगदूम, मोजा."

"काय मोजू, आण्णा?"

"माझ्या म्हशीला किती जणांनी बघितलंय ते मोजा. आणि एकेकाची नजर काढून घ्या. सांजच्या धारंच्या आत."

मोजायची गरजच नव्हती. मोजणारा आकडा मीच बसवला होता. गुलछडीच्या फोटोखाली, हिरव्या चौकटीत, ठळक अक्षरांत: 'या मानकरणीला आत्तापर्यंत पाहणारे : ११,६४२'.

आण्णानं चष्मा कपाळावरून खाली ओढला, स्क्रीनला नाक लावलं आणि आकडा मोठ्यानं वाचला. मग मागं वळून बायकोला म्हणाला, "रुक्मे, अकरा हजार."

रुक्काकी दारातच उभी होती. एका हातात कासऱ्याचं उरलेलं टोक, दुसऱ्या हातात पदराची गाठ. तिनं नुसतं "आई गं" म्हटलं आणि गुलछडीच्या पाठीवरून हात फिरवला.

मला त्या क्षणी डॉक्टर हवी होती. आणि डॉक्टर, म्हणजे माझी बायको सुषमा, चार कोसांवर कुणाच्या तरी गोठ्यात एका गायीच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून बसली होती. फोन लागत होता, पण उचलणार कुठल्या हातानं?

हे घडलं तेव्हा मला पुण्यातली नोकरी सोडून, खरं म्हणजे नोकरीनं मला सोडून, पाच महिने झाले होते. कंपनीत मी लोकांच्या वेबसाइटी सुधारायचो. सुषमाचा जनावरांचा दवाखाना तमदवाडी फाट्यावर नऊ वर्षं चालू होता आणि त्याचं सगळं मार्केटिंग म्हणजे एक गंजलेला पत्रा, ज्यावरचा बैल उडून नुसती शिंगं राहिली होती. रिकाम्या हातांना चैन पडेना. मी म्हटलं, करूया सुधारणा.

केली. तयार साचा घेतला, तो निघाला परदेशातल्या कुत्र्यामांजरांच्या दवाखान्याचा. पहिल्या पानावर एक सोनेरी केसांची बाई सोनेरी केसांच्या कुत्र्याला मिठी मारून बसलेली. मी त्यावर मराठी चढवलं. नाव नोंदवायच्या अर्जात 'पेशंटचं आवडतं खेळणं' असा रकाना होता, तो काढायचा राहिला. एका गृहस्थांनी त्यात 'दावण' असं लिहून पाठवलं. सुषमा हसली. "चालू दे तुझं," म्हणाली. "फक्त माझ्या पेशंटच्या वाटेला जाऊ नकोस."

मी गेलो. 'आठवड्याची मानकरी' नावाचं सदर काढलं. पहिली मानकरी गुलछडी. काळीभोर, वळलेल्या शिंगांची, हत्तिणीच्या थाटात चालणारी मुऱ्हा म्हैस. फोटो गुरुवारी काढला. शुक्रवारी संध्याकाळी तिचं दूध घटलं. आणि शनिवारी, म्हणजे आज सकाळी, तिनं पान्हा सोडलाच नाही. धार काढायला बसलेल्या आण्णालाच लाथ घातली. आण्णा हे मांडी चोळत सांगत होता.

"नऊ वर्षांत लाथ न्हाई मारली तिनं. माझ्या आईनं मारली, हिनं न्हाई."

"आण्णा, सुषमा येईल, बघेल. काहीतरी आजार असेल."

"आजार न्हाई. नजर हाय. आणि लिटर कुणी टाकलं? मी तुमास्नी म्हटलं हुतं, 'भरपूर' लिवा. तुमी काय लिवलंत? अठरा पूर्णांक सहा! अवो, माझ्या सख्ख्या भावाला म्या दहाच सांगितलंय!"

हे खरं होतं. आमच्याकडं म्हैस किती देते हे कोणी कोणाला सांगत नाही. विचारलं तर 'देते आपलं चहापुरतं' एवढंच उत्तर. मी टिंबासकट आकडा टाकला होता, कारण टिंब असलं की आकडा विश्वासार्ह वाटतो असं आम्हाला कंपनीत शिकवलं होतं.

"बघा," आण्णा आवाज खाली आणत म्हणाला, आणि तो आवाज चढवलेल्या आवाजापेक्षा वाईट होता. "बाईंच्याबद्दल माझं काय म्हणणं न्हाई. पयल्यांदा आल्या तवा आमीच हसलो हुतो, की बाईमाणूस काय म्हैस सोडवणार. मग त्यांनीच माझी रेडी वाचवली. मीच सोसायटीत सांगितलं, आजपासून ह्याच डॉक्टर. सहा गावं आली की न्हाई? आता सांजच्याला गुलछडीनं धार दिली न्हाई, तर मीच सोसायटीत सांगणार, की त्या दवाखान्यात जनावर न्हेऊ नका, तितं नजर लावायचं मशीन बसवलंय."

आण्णा दूध सोसायटीचा चेअरमन होता. तो हे सांगू शकत होता आणि लोक ऐकणार होते. नऊ वर्षं सुषमानं चिखलातनं, शेणातनं, टिंगलीतनं उभं केलेलं काम एका हिरव्या चौकटीत अडकलं होतं.

"काढून टाकतो," मी म्हटलं. "आत्ता, तुमच्यासमोर. फोटो, आकडा, सगळं."

घाम फुटला की माझी बोटं माझी राहत नाहीत. मी फोटो काढायला गेलो, तो निघेना. मग आकडा शून्य करायला गेलो. 'बदल जतन करा' दाबलं. स्क्रीनवर एक चक्र फिरलं, थांबलं, आणि आण्णाच्या खिशातला फोन टिंग वाजला.

आण्णानं फोन काढून वाचला. "'आठवड्याची मानकरी गुलछडी, नव्या रूपात! आत्ताच पाहा.' ह्ये कुणी धाडलं?"

मीच धाडलं होतं. पानावर काहीही बदललं की यादीतल्या सगळ्या सहाशे चाळीस पशुपालकांना आपोआप मेसेज जावा, अशी सोय मी मोठ्या कौतुकानं करून ठेवली होती.

आम्ही तिघं स्क्रीनकडं बघत राहिलो. ११,६४२. ११,६५१. ११,६८८. म्हैस बाहेर फुरफुरली. ११,७२०.

"वाढाय लागलंय!" रुक्काकी ओरडली. "आवो, बंद करा की त्याचं डोळं!"

मी प्लग ओढला. स्क्रीन काळी झाली.

"गेलं," मी म्हटलं.

"गेलं कुटं?" आण्णा फोन माझ्या तोंडासमोर धरत म्हणाला. "हितं चालूच हाय. सातशे चाळीस."

तेवढ्यात स्कूटर वाजली. सुषमा आली. बाह्या वर सारलेल्या, कपाळावर वाळलेलं काहीतरी. तिनं शटरला बांधलेली म्हैस बघितली, आण्णाला बघितलं आणि मग मला बघितलं. मला सगळ्यात कमी वेळ दिला.

"काय झालं, आण्णा?"

"तुमच्या मालकांस्नी इचारा."

तिनं मला विचारलं नाही. ती सरळ गुलछडीकडं गेली, तिच्याशी काहीतरी पुटपुटली, खाली बसली आणि कासेवर तळहात ठेवला. मागचा डावा सड. बोटांनी चाचपला. म्हैस थरथरली. सुषमानं दोनचार धारा काळ्या वाटीत काढल्या आणि वाटी उजेडात तिरकी केली. दुधात दह्यासारख्या कण्या होत्या.

"काससुजी," ती म्हणाली. "हा एक सड दगड झालाय. बाकीचे तीन दुखण्याच्या मार्गावर आहेत. आण्णा, धार कधी चुकली होती का?"

"कदी न्हाई."

"नीट आठवा. दूध तुंबून सूज आलीय की बाहेरून जंतू गेलेत, यावर पुढचं ठरतं. किती तास तुंबलं ते कळलं तर मी हा सड वाचवू शकते. नाहीतर अंदाजानं औषध, आणि अंदाज चुकला तर सड कायमचा गेला. धार चुकली होती?"

"बाई, माझ्या घरात माणसं उपाशी ऱ्हातील, धार चुकायची न्हाई. नजर हाय ही."

सुषमानं रुक्काकीकडं बघितलं. रुक्काकी जमिनीकडं बघत होती. मग सुषमानं माझ्याकडं बघितलं. मी भिंतीवरच्या जंताच्या औषधाच्या कॅलेंडरकडं बघत होतो. मे महिना चालू होता.

"अहो," ती म्हणाली. चारचौघांत ती मला अहो म्हणते. "फोटो काढायला तुम्ही गेला होतात. तुम्हाला काही दिसलं?"

"मला काय दिसणार? मी फोटो काढत होतो."

तीन माणसं आणि एक म्हैस, आणि सुषमा सोडून सगळ्यांना उत्तर माहीत होतं. म्हशीला तर सगळ्यात जास्त.

"पयली नजर काढा," आण्णा म्हणाला. "मग सुई टोचा. नजर अंगात असताना औषध लागू पडत न्हाई."

मला वाटलं, आता पेटणार. नऊ वर्षांत सुषमानं गावोगाव हेच सांगितलं होतं, की नजरबिजर काही नसते, जनावर लवकर आणा. एकदा तर तिनं म्हशीच्या शेपटीचा काळा दोरा भर गोठ्यात कात्रीनं कापला होता. पण ती उठली, हात धुतले आणि म्हणाली, "काकी, सामान आणलंय?"

रुक्काकीनं पदराची गाठ सोडली. मीठ, मोहरी, सात लाल मिरच्या.

"निखारे शेजारी इस्त्रीवाल्याकडं मिळतील," सुषमा मला म्हणाली. "घमेल्यात घेऊन या. पळा."

मी पळालो. परत आलो तर वाद चालू होता, की नजर उतरायची कुणावरून. रुक्काकी म्हणत होती म्हशीवरून. आण्णा म्हणत होता, बघणाऱ्यांनी म्हैस कुठं बघितलीय, त्यांनी डब्बा बघितलाय, तर डब्ब्यावरून.

"दोघांवरून उतरा," सुषमानं निकाल दिला. "कॉम्प्युटर बाहेर आणा, अहो."

मी तो जडशीळ मॉनिटर उचलून गुलछडीच्या शेजारी स्टुलावर ठेवला. दोघं शेजारी शेजारी, दोघं काळी, दोघं गप्प. रस्त्यावरच्या दोन सायकली थांबल्या. रुक्काकीनं मूठ वळली आणि म्हशीच्या शिंगापासून मॉनिटरच्या वायरपर्यंत ओवाळायला सुरुवात केली.

"आल्याची, गेल्याची, वाटेच्या वाटसराची, पाण्याला आलेलीची, शेजारणीची, भावकीची..." ती अडली. "आणि त्या अकरा हजारांस्नी काय म्हणत्यात?"

"व्हिजिटर," मी म्हटलं.

"...व्हिजिटराची, जळू दे, पोळू दे." आणि तिनं मूठ निखाऱ्यांवर सोडली.

आता इथं एक नियम आहे, आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल. मिरच्या जळल्या आणि ठसका लागला नाही, तर नजर होती, ती मिरचीनं ओढून घेतली. आणि ठसका लागला, तर नजर नव्हतीच.

पहिल्यांदा मोहरी तडतडली. मग मिरच्या काळ्या पडल्या. आण्णा घमेल्यावर वाकून, श्वास आत ओढून, विजयाच्या तयारीत उभा होता.

"बघा," तो म्हणाला, "कसा ठसका न्हा—"

आणि त्याला जो ठसका लागला, तो मी आजवर माणसाला लागलेला बघितलेला नाही. धोतर सावरत तो मागं गेला. रुक्काकी पदरात तोंड घालून खोकत होती. सायकलवाले खोकत सायकली सोडून पळाले. माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या. शेजारून इस्त्रीवाला शिव्या देत बाहेर आला आणि खोकत आत गेला. गुलछडी शिंकली, तिचं सगळं माझ्या सदऱ्यावर. एकटी सुषमा वाऱ्याच्या उलट्या बाजूला, नाकाला रुमाल लावून, शांतपणे उभी होती.

धूर विरायला वेळ लागला.

रुक्काकीनं डोळे पुसले. घमेल्याकडं बघितलं. मग नवऱ्याकडं. तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"नजर न्हवती," ती म्हणाली.

"रुक्मे, मिरच्याच जुन्या असतील."

"औंदाच्या हायत. मी कांडायला काढलेल्या. नजर न्हवती." ती आता कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "मग तुमीच सांगा बाईस्नी. का मी सांगू?"

"रुक्मे."

"बुधवारच्या सांजची धार काढली न्हाई ह्येनी. मी चरवी घिऊन गेले, तर म्हणाले, ऱ्हाऊ दे, फोटूत कास भरलेली दिसाय पायजे. गुरुवारी सकाळची पन न्हाई. ऊन पडंना म्हणून बसलं थांबून. अकराला धार काढून मोकळी केली मी तिला. सडातनं गळत हुतं आपोआप, पाय फाकून उभी हुती माझी बाय, आणि ह्ये दोघं म्हणत्यात, जरा अजून ढग हटू दे."

'ह्ये दोघं' म्हणताना तिचं बोट आण्णाकडून माझ्याकडं आलं.

सुषमानं बोटावर तास मोजले. बुधवारची पहाट ते गुरुवारचे अकरा.

"तीस तास," ती म्हणाली. मग अगदी सावकाश: "कास भरलेली दिसली पाहिजे, हे कुणाच्या डोक्यातलं?"

आण्णानं तोंड उघडलं. तो माझं नाव घेणार होता, आणि ते खरंच होतं. पण त्यानं घेतलं नाही. तो टोपी काढून तिच्यात बघत बसला, जणू आत उत्तर लिहिलंय. त्याला तेवढी लाज होती. मला त्याचीच लाज वाटली.

"माझ्या," मी म्हटलं. "प्रदर्शनात असंच करतात म्हणून मी वाचलं होतं. आण्णा एका धारेला तयार झाले होते. दुसरी मी लांबवली. आणि लिटरचा आकडाही त्यांनी दिला नव्हता. तुझ्या केसपेपरवरून घेतला मी."

"अभिनंदन," ती म्हणाली. ते माझं नाव आहे, पण ती ते फार क्वचित घेते. पेटी उघडली आणि कामाला लागली.

सूज उतरायचं इंजेक्शन दिलं, सडात औषधाची ट्यूब सोडली. मग हुकूम सुटले. म्हैस टेम्पोनं घरी न्यायची, चालवायची नाही. बर्फाच्या पाण्यानं कास शेकायची. आणि दर तासाला तो सड हातानं मोकळा करायचा, कितीही कमी येवो, कितीही लाथा बसोत.

"कोण करणार?" आण्णानं विचारलं. "माझी मांडी उचलत न्हाई."

सुषमानं नुसतं माझ्याकडं बघितलं.

त्या दिवशी मी सहा वेळा गुलछडीखाली बसलो. त्याआधी आयुष्यात मी माऊसशिवाय काही दाबलं नव्हतं. रुक्काकीनं अंगठा कसा मुडपायचा ते शिकवलं. पहिल्यांदा काहीच आलं नाही, लाथ आली. दुसऱ्यांदा लाथ आणि थोड्या कण्या. तिसऱ्यांदा पिवळं पाणी. मधल्या वेळात मी आण्णाच्या अंगणात बसून फोनवरून एकेक पान खोडत होतो, सोनेरी बाई, सोनेरी कुत्रा, सहाशे चाळीस नंबर. आण्णा शेजारी बसून बघत होता. "ती बाई ऱ्हाऊ द्या की," एकदा म्हणाला. मी तीही खोडली.

संध्याकाळी धारेच्या वेळेला सुषमा आली, तेव्हा गोठ्याच्या दारात गल्ली जमली होती. सगळ्यांना मेसेज गेलाच होता. आण्णाचा सख्खा भाऊ सगळ्यांत पुढं, हाताची घडी घालून.

रुक्काकी खाली बसली. पारडी सोडली. पारडीनं दोन ढुशा दिल्या. गुलछडीनं कान हलवले, शेपटी एकदा झटकली आणि उभी राहिली. पुढचा सड. दुसरा पुढचा. मागचा उजवा. चरवीत धार वाजायला लागली तसा आण्णानं भिंतीला हात टेकला. मागचा डावा मी काढला, वेगळ्या वाटीत. कण्या, पाणी, आणि मग एक बारीक पांढरी रेघ.

"राहील सड," सुषमा माझ्यामागून हळूच म्हणाली. "थोडं कमी देईल. पण राहील."

"काय झालं हुतं वो बाई, म्हशीला?" भावानं विचारलं. "नजर म्हणं?"

आण्णा हलला नाही. चेअरमननं फोटोसाठी दोन धारा चुकवल्या, हे त्या दारात एकदा पडलं असतं तर सोसायटीच्या प्रत्येक सभेत परत परत निघालं असतं. रुक्काकीचे हात थांबले. सगळं सुषमाच्या जिभेवर होतं.

"सड दुखावलाय," ती म्हणाली. "उठताबसताना लागतो असा. होईल बरा."

"आणि दूध? अठरा लिटर देते म्हणं."

"जनावर कुठं आकडा लावून हिंडतं, दादा? चला, गर्दी कमी करा, तिला त्रास होतोय."

गर्दी पांगली. आण्णानं टोपी घातली. "सोमवारी सोसायटीत लसीचं ठेवलंय," तो तिला म्हणाला. "सातला या." बस, एवढंच.

त्या दारात उभं राहून मला पहिल्यांदा कळलं की सहा गावं तिच्याकडं का येतात. पाच महिने मी समजत होतो की लोकांना तिची माहिती नाही, ती पोचवली पाहिजे. लोकांना माहिती पुरेशी होती. प्रत्येक घरातली म्हैस खरं किती देते, कोणाचा बैल कशानं मेला, कोणी कोणत्या रात्री पिऊन जनावराला मारलं, हे सगळं तिला ठाऊक होतं आणि नऊ वर्षांत त्यातलं एक अक्षर या घरातून त्या घरात गेलं नव्हतं. मी ते टिंबासकट छापलं.

आम्ही बाहेर आलो. माझ्या सदऱ्यावर म्हशीची शिंक वाळली होती, दोन्ही अंगठे सुजले होते. सुषमानं स्कूटर स्टँडवरून काढली, चावी लावली, पण सुरू केली नाही.

"एक विचारू?"

"विचार."

"ठसका लागला नसता, तर सांगितलं असतंस?"

मी 'हो' म्हणायला तोंड उघडलं. ती माझ्याकडं बघत होती, सकाळी तिनं वाटी उजेडात तिरकी करून बघितली होती तशी.

"नाही," मी म्हटलं.

तिनं तोंड फिरवून स्कूटर सुरू केली. मला वाटलं, घर सहा किलोमीटर आहे, अंधार पडायच्या आत चालत पोचेन. मी चपलेचा पट्टा नीट करायला वाकलो. वर बघितलं तर ती सीटवर पुढं सरकून बसली होती.